घरपट्टीचा आकडा येतो कुठून? आणि तो चुकला तर दाद कुठे मागायची?

आजचा विषय आहे मालमत्ता कर. पुण्यात याला मिळकत कर म्हणतात, गावाकडे सरळ घरपट्टी. तुमच्यातले बरेच जण म्हणतील, "बिल बाबांच्या नावावर येतं, मला काय त्याचं?" किंवा "मी भाड्याने राहतो." पण भाड्याच्या घराचा कर मालक भाड्यातूनच वसूल करतो. बाबांच्या नावावरचं घर उद्या तुमच्या नावावर होणार. आणि पहिला फ्लॅट घेतलात, की ईएमआय संपल्यावरही जो खर्च संपत नाही, तो हाच.

आणखी एक गोष्ट. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईतला जकात कर बंद झाला. बाकीच्या शहरांतली जकात आणि एलबीटी त्याआधीच बंद होत आले होते. त्यामुळे महापालिकांच्या स्वतःच्या हातात राहिलेलं उत्पन्नाचं मोठं साधन म्हणजे मालमत्ता कर. त्यामुळे त्याच्या नियमांवरून भांडणं होणार, आणि होतातच.

ही भांडणं बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर होतात: मूल्य कसं ठरवायचं? दुसरा प्रश्न मागे राहतो: ठरलेलं मूल्य चुकीचं असेल तर नागरिकाने काय करायचं? माझं म्हणणं असं, की हे दोन प्रश्न वेगळे काढताच येत नाहीत. आज दोन्ही एकत्र बघू.

पद्धत पहिली: भाडं किती येईल?

जुनी पद्धत म्हणजे करपात्र मूल्य. कल्पना सोपी आहे. हे घर भाड्याने दिलं तर वाजवी भाडं किती येईल? ते वर्षाचं भाडं धरायचं, दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करायचे, उरलं ते करपात्र मूल्य. त्यावर कराची टक्केवारी लागते.

एक साधं उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी. पालिकेने तुमच्या फ्लॅटचं महिन्याचं वाजवी भाडं १,००० रुपये धरलं. वर्षाचे झाले १२,०००. त्यातून १० टक्के वजा केले, की उरले १०,८००. हे झालं करपात्र मूल्य.

तुम्ही म्हणाल, १,००० रुपयांत आज कोण घर देतं? बरोबर. गंमत तिथेच आहे. हे भाडं बाजारातलं नसतं, कागदावरचं असतं. आणि कागदावर ते वर्षानुवर्षं गोठून राहू शकतं.

मुंबईत ते गोठलं भाडे नियंत्रण कायद्यामुळे. १९४७ च्या कायद्याने 'प्रमाण भाडं' ठरवून दिलं, त्यापेक्षा जास्त भाडं घेणं बेकायदा. मग प्रश्न आला: कायदा जास्त भाडं घेऊच देत नाही, तर पालिका जास्त भाडं गृहीत धरून कर कसा लावणार? हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्लीच्या दिवाण दौलत राय कपूर खटल्यात १९८० च्या सुमारास न्यायालयाने सांगितलं, की कराचं मूल्य प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. तर्क बरोबर होता. पण परिणाम असा झाला, की दक्षिण मुंबईतल्या मोक्याच्या जागेवरच्या जुन्या इमारतीतल्या प्रशस्त घराला किरकोळ कर, आणि उपनगरातल्या नव्या छोट्या फ्लॅटला त्याहून जास्त.

म्हणजे पद्धत कायद्याला धरून होती, पण न्याय्य नव्हती. बदलाची मागणी इथूनच आली.

पुण्याची ४० टक्क्यांची गोष्ट

करपात्र मूल्याच्या पद्धतीत एक छोटा नियम किती घरांचं गणित बदलू शकतो, हे पुणेकरांना चांगलं ठाऊक आहे. घरमालक स्वतः राहत असेल तर ४० टक्के सवलत, हा पुणे महापालिकेचा निर्णय १९७० पासूनचा. वरचंच उदाहरण घ्या. १०,८०० मधून ४० टक्के गेले, की उरले ६,४८०. कर त्यावर. मोठाच फरक.

पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, की अशी सवलत द्यायला कायद्यात आधार कुठे आहे? राज्य सरकारने सवलत थांबवली, आणि २०१९ पासून नव्याने नोंदल्या गेलेल्या घरांना ती मिळेना. एकाच गल्लीत जुन्या सोसायटीला सवलत, नव्या सोसायटीला नाही. आरडाओरडा झाला, पक्षांनी आंदोलनं केली, आणि एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला. मात्र ज्यांची सवलत गेली होती त्यांनी पीटी-३ अर्ज भरायचा, सोबत आपण तिथेच राहतो याचा पुरावा जोडायचा.

यात एक बारीक मुद्दा आहे. सवलत परत आली ती राजकीय दबावाने. नियमाने ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यापैकी किती जणांनी अपिलाचा रस्ता धरला असेल? तो रस्ता कसा आहे ते पुढे बघूच.

पद्धत दुसरी: घराची किंमत किती?

मुंबईने २०१० मध्ये भाड्याचा नाद सोडला आणि भांडवली मूल्य धरलं. म्हणजे घराची किंमत. ती कुठून आणायची? मुद्रांक शुल्कासाठी सरकार दरवर्षी जो रेडी रेकनर काढतं, तोच पाया. त्या भागातला दर घ्यायचा, त्याला क्षेत्रफळाने गुणायचं, मग एकेक गुणक लावायचे: वापर कसला आहे, बांधकाम कोणत्या प्रकारचं, इमारत किती जुनी, मजला कितवा.

याचा फायदा काय? अधिकाऱ्याच्या अंदाजाला जागा कमी उरते. "वाजवी भाडं किती?" यावर दोन माणसांची दोन मतं होऊ शकतात. "इमारत कोणत्या साली बांधली?" यावर मत नसतं, कागद असतो. आणि कागद तुमच्याकडेही असतो.

तोटा काय? किंमत वाढली म्हणजे तुमच्या खिशात पैसे आले असं होत नाही. दादर-गिरगावात आयुष्य काढलेल्या पेन्शनर आजींचं घर कागदावर कोटींचं, पण महिन्याची आवक तेवढीच. घर विकलं तरच ती किंमत हातात येणार. म्हणून कायद्यात काही ब्रेक लावले. पद्धत बदलताना घरांचा कर आधीच्या दुपटीपेक्षा जास्त होऊ नये आणि बिगरनिवासी जागांचा तिपटीपेक्षा. पुढे दर पाच वर्षांनी मूल्य सुधारायचं, पण तेव्हाही वाढीला ४० टक्क्यांची मर्यादा. २०१५ ला पहिली सुधारणा झाली. २०२० ची कोरोनामुळे पुढे ढकलली गेली. शिवाय ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे ५०० चौरस फुटांच्या घरांना २०१९ मध्ये आधी फक्त सर्वसाधारण कर माफ झाला, आणि १ जानेवारी २०२२ पासून संपूर्ण मालमत्ता कर.

आता या सूत्रातही वाद झालाच. पालिकेने मोकळ्या जमिनीचं मूल्य काढताना त्यावर पुढे किती एफएसआय मिळू शकेल, तेही हिशोबात धरलं. म्हणजे इमारत अजून उभी नाही, पण कर उद्याच्या इमारतीचा विचार करून. दुसरं, नियम पक्के झाले मार्च २०१२ मध्ये आणि लावले एप्रिल २०१० पासून. मालमत्ताधारकांच्या संघटना उच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे नियम रद्द केले. पालिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथेही पालिका हरली. जमिनीचं मूल्य आज ती जशी आहे तसं धरा, उद्या काय होईल त्यावर नको, आणि नियम मागच्या तारखेने लावू नका, हा त्याचा मथितार्थ.

२०१० च्या करावरचा शेवटचा शब्द २०२२ मध्ये. बारा वर्षं. मोठ्या संघटना, मोठे वकील, म्हणून ते टिकले. एकट्या फ्लॅटवाल्याचं काय?

पद्धत तिसरी: नुसतं क्षेत्रफळ

भाडंही नको, किंमतही नको, असंही काही शहरांनी केलं. पाटण्याने १९९३ मध्ये क्षेत्रफळावर आधारित पद्धत आणली. रस्ता मोठा की छोटा, बांधकाम पक्कं की कच्चं, वापर राहण्याचा की धंद्याचा, एवढं बघून चौरस फुटाला दर ठरवला. दिल्लीने २००४ मध्ये आणि बंगळुरूने २००८ मध्ये अशीच, युनिट एरिया नावाची पद्धत स्वीकारली. तिथे मालक स्वतःच ऑनलाइन हिशोब करून कर भरू शकतो.

सोपी आहे, पण ढोबळ आहे. एकाच विभागात जुनी चाळ आणि नवा टॉवर असतील, तर किंमतीतला खरा फरक त्यात नीट उतरत नाही.

आणि गावाचं? राज्याने ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने ग्रामपंचायतींनाही भांडवली मूल्यावर आणलं. त्याआधी तिथे क्षेत्रफळाची पद्धत होती, ती उच्च न्यायालयात टिकली नाही. तुमच्या गावच्या घराची नोंद नमुना ८ मध्ये असते. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीतून उतारा काढून एकदा वाचा. घर कौलारू आणि नोंद आरसीसीची, असं निघालं तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

मग कोणती पद्धत बरी?

मला विचाराल तर सूत्राची, मग ती भांडवली मूल्याची असो वा क्षेत्रफळाची. कारण एकच. सूत्रात काय चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं. क्षेत्रफळ, साल, मजला, वापर: चार-पाच आकडे. एक चुकला की कर चुकला, एक सुधारला की कर सुधारला. भाड्याच्या अंदाजाशी वाद घालणं म्हणजे धुक्याशी कुस्ती.

पण हा फायदा खरा केव्हा? चूक दाखवल्यावर ती सुधारून मिळत असेल तेव्हा. म्हणजे आपण अपिलाच्या नियमांपाशी आलो.

चूक सापडली. आता पुढे?

पहिली पायरी पालिकेकडेच. आकारणीची नोटीस आली, की त्यावर दिलेल्या मुदतीत लेखी हरकत घ्यायची. मग सुनावणी होते, आदेश निघतो. तो पटला नाही तर अपील. मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे जातं. पुणे, नाशिक, ठाणे अशा इतर शहरांना १९४९ चा महापालिका कायदा लागू आहे, तिथे कलम ४०६ खाली न्यायाधीशांकडे. गावात ग्रामपंचायतीच्या आकारणीविरुद्ध पंचायत समितीकडे.

ऐकायला सोपं वाटतं. आता अटी ऐका.

पहिली अट, मुदत. कलम ४०६ मध्ये अपिलाला १५ दिवस आहेत. तुम्ही नोकरीनिमित्त हैदराबादला, आई-बाबा सांगलीत, आणि आदेश पोस्टाने आला. कागद तुमच्यापर्यंत व्हॉट्सअॅपवर पोचेपर्यंत आठवडा गेलेला असतो.

दुसरी अट, आधी हरकत घेतलेली असली पाहिजे. नोटीस कपाटात ठेवून दिली आणि बिल आल्यावर जागे झालात, तर अपिलाचं दार बंद होऊ शकतं. सगळ्यात जास्त लोक अडकण्यासारखी जागा हीच. नोटीस रागाने फाडून टाकू नका, मंडळी.

तिसरी अट, आधी पैसे भरा. मागितलेली रक्कम पालिकेकडे जमा केल्याशिवाय अपील ऐकलंच जात नाही.

पुन्हा उदाहरण घेऊ. समजा तुमच्या फ्लॅटचं चटई क्षेत्र ६० चौरस मीटर, पण नोंद झाली ७२ ची, बांधीव क्षेत्राची. कर यायला हवा होता १५,००० आणि आला १८,०००. वाद आहे ३,००० चा, पण जमा करायचे १८,०००. वर वकिलाची फी, कोर्टाच्या तारखा, रजा. शहाणा माणूस काय करेल? ३,००० सोडून देईल. पण कर दरवर्षी येतो. दहा वर्षांत ते झाले ३०,०००. आणि सोसायटीत असे ८० फ्लॅट असले तर २४ लाख. चूक मात्र एकच, आणि तीही टायपिंगची.

न भरता वाद घालत बसलात तर? थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती. वर्षाचे झाले २४ टक्के. गृहकर्जाच्या व्याजाच्या दुपटीहून जास्त.

'आधी भरा' हे न्याय्य आहे का?

दोन्ही बाजू ऐकू. पालिका म्हणेल, अपील केलं की कर थांबतो असा नियम असेल, तर प्रत्येक जण अपील करेल. कचऱ्याची गाडी, पाणी, दिवाबत्ती, पगार कोण देणार? आणि याचा खरा फायदा तुमच्या आजीला होणार नाही, कोट्यवधींची थकबाकी असलेल्या बड्या मालकांना होईल. ते वर्षानुवर्षं तारखा घेत बसतील. हा युक्तिवाद पोकळ नाही.

न्यायालयानेही तो मानलेला आहे. १९४९ चा हा कायदा मूळचा मुंबई राज्याचा, त्यामुळे तो गुजरातलाही लागू झाला. अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या खटल्यात १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तेव्हा त्याला अटी घालण्याचा अधिकारही कायद्याला आहे. आधी रक्कम भरा ही अट घटनेच्या विरुद्ध नाही.

म्हणजे कोर्टात जाऊन ही अट पडेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. पण 'घटनेला धरून आहे' आणि 'बदलायला नको' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. विधानसभेला हा नियम बदलण्यापासून कोणी अडवलेलं नाही. आणि बदल अशा रीतीने करता येईल, की बड्या थकबाकीदाराला पळवाट मिळणार नाही.

एक, वाद नसलेली रक्कम भरायचीच. आपल्या उदाहरणात १५,०००. वादाच्या ३,००० चा ठरावीक हिस्सा जमा करायचा. पालिकेचा पैसा थांबत नाही आणि माणूसही दारातूनच परत जात नाही.

दोन, मत आणि चूक यांचे रस्ते वेगळे करा. क्षेत्रफळ, बांधकामाचं साल, मजला, वापर, नावातली चूक, यांना कोर्ट कशाला? कागद अपलोड करा, ठरलेल्या दिवसांत उत्तर द्या, उत्तर आलं नाही तर शास्ती चढणार नाही. न्यायाधीशांकडे जावं ते खरोखर वादाचं असेल तेच.

तीन, मुदत मोजायची तर आदेश मिळाल्याच्या दिवसापासून, आणि आदेश मोबाइलवरही यायला हवा. बिलाचा मेसेज येतो, थकबाकीचा येतो, मग आदेशाचा का येऊ नये?

चार, एका इमारतीत एकच चूक असेल तर सोसायटीला सगळ्यांच्या वतीने एकच अर्ज करता यावा.

पाच, जास्त घेतलेला कर परत करताना त्याच तोडीचं व्याज द्या. २ टक्के एका बाजूनेच का?

मूल्य ठरवण्याची पद्धत बदलायची चर्चा निघते तेव्हा हे पाच मुद्दे सोबत यायला हवेत. सूत्र कितीही उत्तम असलं तरी लाखो घरांच्या नोंदींत चुका राहणारच. दुरुस्तीचा रस्ता काट्यांचा असेल, तर उत्तम सूत्रसुद्धा चुकीचाच कर दरवर्षी अचूकपणे वसूल करत राहील.

तोपर्यंत तुमच्या हातात काय?

आज रात्री घरचं बिल मागवा. महापालिकेच्या संकेतस्थळावर मालमत्ता क्रमांक टाकला की बहुतेक शहरांत ते दिसतं. खरेदीखत शेजारी ठेवा आणि पाच गोष्टी जुळवा: नाव, क्षेत्रफळ, बांधकामाचं साल, वापर आणि सवलत. फ्लॅटमध्ये स्वतः राहता आणि नोंद 'भाडेकरू' अशी असेल, तर तिथेच पैसे जात असतील. मुंबईत ५०० फुटांच्या आतलं घर असेल तर माफी लागली आहे ना, तेही बघा.

चूक दिसली तर तोंडी सांगून थांबू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोचेचा फोटो काढून ठेवा. नोटीस ज्या पाकिटातून आली ते पाकीटसुद्धा जपा, तारखेचा पुरावा तोच. आणि शास्ती टाळण्यासाठी पैसे भरावे लागले, तर हरकत कायम ठेवून भरतोय असं लेखी कळवा.

एवढं करायला जेमतेम अर्धा तास लागेल. बिल तपासल्यावर काय सापडलं ते आम्हाला कळवा. सोसायटीच्या ग्रुपवरही टाका, कारण तुमच्या घराच्या नोंदीत झालेली चूक शेजाऱ्याच्या नोंदीतही असण्याची शक्यता दाट. भेटू पुढच्या भागात.